धांव: लोखंडाची आणि रबराची

मराठी भाषेंत बैलगाडीच्या चाकावर बसविलेल्या लोखंडी कड्यास 'धांव' म्हणतात. तुंबा, आरे आणि लांकडी घेर हे सुताराच्या हातचे; धांव मात्र लोहाराची. बैल ओढतात, आंस भार वाहतो, पण जमिनीला प्रत्यक्ष भिडते ती धांव; आणि ज्या अवयवाचा जमिनीशीं संबंध येतो त्यासच आपल्या पूर्वजांनीं धांवण्याचें नांव दिलें, ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. मोटार आली तेव्हां ह्या शब्दाचा वारसा रबरी टायराकडे जावयास हवा होता. तसें झालें नाहीं. 'टायर' हा परकीय शब्दच घराघरांत रुळला, आणि धांव लोहाराच्या भट्टीपाशींच राहिली. शब्द मागें पडला तरी त्याच्या पोटांतील विचार मागें पडूं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

हल्लीं मुंबईंतील हौशी मोटारवाल्यांत एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. ज्यांच्यापाशीं स्पोर्ट्‌स-कार म्हणून ओळखली जाणारी चपळ मोटार आहे, व जे तीच मोटार आठवडाभर कचेरीस नेऊन सवड सांपडेल तेव्हां शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरहि पळवितात, त्यांनीं तिला टायर कोणते घालावे? रोजच्या रस्त्यास मानवेल तो शर्यतींत टिकत नाहीं, आणि शर्यतींत शोभेल तो रोजच्या रस्त्यावर चालत नाहीं. प्रथमदर्शनीं हा श्रीमंतांचा खेळ वाटेल, आणि आमच्या बहुतेक वाचकांस असली मोटार विकत घेण्याचा योग यावयाचा नाहीं, हेंहि खरें. परंतु ती मोटार ज्या गिरगांवांतून, लालबागेंतून, परळांतून जाते तेथूनच आमचे वाचक रोज पायीं चालतात व त्यांचीं मुलें रस्ता ओलांडतात. मोटार किती वेगानें धांवते हा तिच्या मालकाचा प्रश्न असेल. ती किती अंतरांत थांबते हा सर्वांचा प्रश्न आहे. आणि थांबणें न थांबणें हें शेवटीं धांवेच्या हातीं असतें.

लोखंडी धांव बसविण्याची रीत ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ती विसरणें कठीण. कडें चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करावयाचें, शेणींच्या जाळांत तें लाल होईपर्यंत तापवावयाचें, तापून फुगलें कीं सांडशीनें उचलून चाकावर ठोकून बसवावयाचें, आणि लागलीच त्यावर पाणी ओतावयाचें. लोखंड थंड होतांना आक्रसतें व सगळें चाक एकजीव आवळून धरतें. अशी धांव वर्षानुवर्षें चालते. तिचे दोष दोन. ती लांकडाचें रक्षण करते, पण रस्ता कापते. आणि ती भार पेलते, पण रस्त्यास धरून ठेवीत नाहीं. बैलाच्या चालीला धरून ठेवण्याची फारशी गरजहि नव्हती. गति वाढली तेव्हां ती उत्पन्न झाली. लोखंड टिकतें पण धरीत नाहीं. मऊ पदार्थ धरतो पण टिकत नाहीं. गेल्या पावणेदोनशें वर्षांचा टायराचा इतिहास म्हणजे ह्या दोन टोकांमधील वाटाघाटींचा इतिहास होय.

मुंबईनें हा वाद प्रथम लोखंडाच्या बाजूनें सोडविला. ९ मे १८७४ रोजीं येथें घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजीं विजेची आली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालविलें म्हणजे रस्ताहि कापला जात नाहीं व ओढणाराचे श्रमहि वांचतात. गिरगांवांतून हे रूळ गेले. परळ रस्त्यानें, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानें, दादरलाहि पोंचले. 'दादर टी. टी.' ह्या नांवांत तेथील ट्राम टर्मिनस अजून जिवंत आहे, जरी मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं धांवून गेली. रबरी चाकांच्या वाहनांस मात्र हे रूळ पावसांत वैऱ्यासारखे. ओल्या पोलादावरून रबर निसटतें, आणि सायकलीचें अरुंद चाक रुळाच्या खांचेंत अडकतें. एकाच रस्त्यावर दोन प्रकारच्या धांवा नांदूं लागल्या म्हणजे एकीची सोय ती दुसरीची अडचण कशी होते, हें मुंबईनें दोन पिढ्या अनुभविलें.

आतां रबराकडे वळूं. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें रबर व गंधक एकत्र तापवून उन्हाळ्यांत न चिकटणारें व थंडींत न तडकणारें रबर सिद्ध केलें. त्यानंतर सहा वर्षांनीं, १८४५ त, रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानें हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. रबरी कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचें वेष्टण आणि आंत हवा, अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट पार्कांत त्या चाकांच्या गाड्या आवाज न करतां चालल्या व लोकांनीं नवल केलें. पण मोटार अद्याप जन्मली नव्हती, सायकल बाल्यावस्थेंत होती, आणि रबर महाग होतें. शोध विस्मृतींत गेला. १८८८ त बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तोच शोध पुन्हां लावला. टॉमसनचें जुनें पेटंट उघडकीस आल्यामुळें डनलॉपचें पेटंट पुढें रद्द झालें. नांव मात्र डनलॉपचेंच झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हवेचा टायर शर्यतीसाठीं जन्मास आला नाहीं. टॉमसनला गाडीचा खडखडाट व ओढण्याचे श्रम कमी करावयाचे होते. डनलॉपला लेंकराच्या अंगास बसणारे हिसके. शर्यतीनें तो नंतर उचलला, पण उचलला तो असा कीं सोडला नाहीं. १८८९ च्या मे महिन्यांत विली ह्यूम नांवाचा सायकलस्वार बेलफास्टच्या मैदानांत हवेचे जाड टायर लावून उतरला व जिंकत सुटला. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दो व परत अशी मोटारींची प्रसिद्ध शर्यत झाली. तींत एमील लव्हासोर हा ४८ तास ४८ मिनिटांत सर्वांच्या आधीं परतला. त्याच्या मोटारीस भरीव रबर होतें. मिशेलिन बंधूंनीं मात्र आपल्या मोटारीस हवेचे टायर लावले होते. वाटेंत इतक्या वेळां चाकें फुटलीं कीं बरोबर घेतलेल्या बावीस नळ्या संपून गेल्या. त्या दिवशीं भरीव रबर जिंकलें, पण पुढचा काळ हरलेल्या चाकाचा निघाला. शर्यत ही टायराची शाळा झाली ती अशी. मात्र शाळेंतील परीक्षा आणि संसार ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा आमच्या वाचकांस पुढें उपयोगी पडेल.

मुंबईंत मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस, १८९८ च्या सुमारास. तिची ह्या देशांतील पहिली मोठी कसोटी १९०४ च्या अखेरीस व १९०५ च्या आरंभीं लागली. मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया ह्या संस्थेनें दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींचा प्रवास-सामना ठरविला. कोण आधीं पोंचतो ह्यापेक्षां कोणती मोटार न मोडतां, भरंवशानें पोंचते, हें त्यांत पाहावयाचें होतें. आमच्या मतें हिंदुस्थानांतील मोटारींच्या स्पर्धेचा हा आरंभ फार सुलक्षणी होता. रस्ता धुळीचा, दगडगोट्यांचा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनीं खणलेला. म्हणजे लोखंडी धांवांनीं कापलेल्या वाटेवर रबरी धांवांची परीक्षा! रोजचा रस्ता आणि शर्यतीचा रस्ता त्या दिवसांत एकच होता, त्यामुळें एका टायरानें दोन्हीं कामें करावीं कीं नाहीं हा प्रश्नच उद्भवला नव्हता.

पुढील तीस-चाळीस वर्षांत मुंबईचा रस्ता रबराच्या स्वाधीन झाला. १९११ त टॅक्सी आली. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धांवली. १९२८ त जनरल मोटर्सनें शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, आणि १९४० च्या सुमारास त्याच शिवडींत फायरस्टोन कंपनीचा टायरांचा कारखाना उभा राहिला. शिवडी म्हणजे परळ-लालबागचा शेजार. ज्या भागांत कापडाच्या गिरण्यांचे भोंगे वाजत तेथेंच आतां रबर शिजूं लागलें. वाचकांस हें विचित्र वाटेल, पण कापूस आणि टायर यांचें नातें जवळचें आहे. त्या काळच्या टायराचा सांगाडा सुती दोऱ्यांच्या थरांचाच असे. रबर म्हणजे त्यावरील मांस. १९४२ सालीं जपाननें मलाया घेतला आणि जगांतील रबराचा मोठा पुरवठा तुटला, तेव्हां टायर ही वस्तु किती मोलाची आहे हें घरोघर कळून आलें. पुढें १९५८ त सीएट कंपनीनें भांडुपास कारखाना काढला. अशा रीतीनें टायर करणारें शहर म्हणून मुंबईची ख्याति झाली.

शर्यतीची मोटार रोजच्या रस्त्यावर आणली म्हणजे काय होतें, ह्याचें एक उदाहरण ह्याच काळांतलें आहे. बुगाटी ही शर्यतींच्या मैदानांत नांव मिळविलेली फ्रेंच मोटार. १९२४ सालीं लियाँ येथील मोठ्या शर्यतींत त्या कारखान्यानें आपला नवा, देखणा नमुना उतरविला. यंत्र उत्तम होतें, पण टायरांनीं दगा दिला आणि मोटारी मागें पडल्या. त्याच नांवाची एक मोटार १९३० च्या सुमारास दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर धांवत असे. तिचे मालक तरुण जे. आर. डी. टाटा. ती अति वेगानें हांकल्याच्या आरोपावरून ते अडचणींत आले व बचावासाठीं जॅक विकाजी ह्या वकिलांकडे गेले. तेथें वकिलांच्या पुतणीशीं, थेल्मा यांच्याशीं, त्यांची ओळख झाली. डिसेंबर १९३० मध्यें उभयतांचा विवाह झाला. चरित्रकारांस ह्या प्रसंगांत प्रेमकथा दिसते. आम्हांस त्यांत आजच्या प्रश्नाचा पूर्वावतार दिसतो. जी मोटार मोकळ्या मैदानांत वेगानें धांवावी म्हणून घडली, तिला भर वस्तींत आणल्यावर तिच्या स्वभावाला आणि शहराच्या स्वभावाला जुळवून घ्यावयाचें कोणी? टाटांच्या बाबतींत तो प्रश्न कज्जे-दलालीनें सुटला आणि सुदैवानें मंगल कार्यांत संपला. प्रत्येक वेळीं असेंच घडेल असें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर शर्यतीचा रस्ता आणि रोजचा रस्ता निश्चितपणें वेगळे झाले. महायुद्धानंतर जगभर विमानांच्या धांवपट्ट्या शर्यतींसाठीं वापरूं लागले. इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन हें असेंच एक विमानतळ, तेथें १९४८ पासून शर्यती आहेत. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम्, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मुंबईंत जुहू येथील धांवपट्ट्यांवर मोटारी पळूं लागल्या. जुहूचें हें तेंच विमानतळ, जेथें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन टाटांचें विमान उतरलें होतें. १९६८ सालीं लंडन ते सिडनी ही अचाट स्पर्धा झाली, तेव्हां लंडनहून निघालेल्या ९८ मोटारींपैकीं ७२ मुंबईस पोंचल्या व येथून 'चुसान' ह्या जहाजांत चढून ऑस्ट्रेलियाकडे गेल्या. ही स्पर्धा दिल्ली-मुंबई सामन्याच्याच कुळांतली. साध्या रस्त्यांवरून चालणाऱ्या, बव्हंशीं साध्या मोटारींची. परंतु एकंदर ओघ दुसरीकडे होता. मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० त, कोइमतुरास २००३ त व दिल्लीजवळ नोएडा येथें २०११ त खास बांधलेले बंदिस्त मार्ग खुले झाले. गुळगुळीत, वळणांचे, पादचारी नसलेले, आणि बहुधा कोरडे. मुंबईचा हौशी मनुष्य आपली मोटार घेऊन जातो तो अशा मार्गांवर, आणि परत येतो तो परळच्या पुलाखालीं. दोन धांवांचा प्रश्न उत्पन्न झाला तो येथें.

ह्या दोन रस्त्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध कां, हें थोडें गणितानें पाहूं. बाराशें किलो वजनाच्या मोटारीचा एकेका चाकावर सुमारें तीनशें किलो भार येतो. टायरांत हवेचा दाब बत्तीस पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरास सुमारें सव्वादोन किलो. तीनशेंना सव्वादोननें भागिलें म्हणजे सुमारें १३३ चौरस सेंटिमीटर, अर्थात् माणसाच्या तळहाताएवढी जागा. लाखो रुपयांची मोटार, आंतील माणसें आणि बाहेरचा रस्त्यावरील जीव, हें सर्व चार तळहातांवर तोललेलें असतें.

हे तळहात कसे धरतात? रबर रस्त्याच्या बारीक खडबडींत शिरतें, वांकतें, तापतें, आणि तापलेलें रबर अधिक चिकटतें. शर्यतीच्या टायराचें मिश्रण मुद्दाम असें केलेलें असतें कीं तें पुष्कळ तापल्यावरच खरी पकड देतें. रोजच्या टायराचें असें कीं तें थंड असतांहि बरी पकड देतें, पण अति तापलें कीं मऊ पडून तुकड्यांनीं उडूं लागतें. दुसरा भेद खांचांचा. नव्या सामान्य टायराची खांच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. तिच्यांतून पावसाचें पाणी बाहेर फेंकलें जातें. पण खांचांमधील रबराचे उंच ठोकळे वळणावर लवतात, घांसतात व तापतात. म्हणून शर्यतीच्या टायराच्या खांचा उथळ, आणि निव्वळ कोरड्या शर्यतीच्या टायरास त्या मुळींच नसतात. असे गुळगुळीत टायर १९७१ पासून ग्रां प्री शर्यतींत आले. तिसरा भेद टिकाऊपणाचा. अमेरिकन नियमानुसार टायराच्या कुशीवर झिजेचा एक अंक छापतात. शंभर हा त्याचा पाया. दोनशेंचा टायर त्यांच्या चांचणींत शंभराच्या दुप्पट व चारशेंचा चौपट टिकावा अशी अपेक्षा. हा अंक कारखानदार स्वतःच देतो, म्हणून तो सोन्याचा कस नव्हे. तरी दोनशेंच्या आसपासचा टायर शर्यतीकडे झुकलेला व चारशेंचा संसारी, एवढें त्यावरून समजतें.

ह्या वाटाघाटींत शास्त्रानें वेळोवेळीं मध्यस्थी केली आहे. रबरांत काजळी मिसळल्यानें तें कित्येक पट टिकाऊ झालें. आज टायर काळा असतो तो त्यामुळें, आरंभीं तो पांढुरका असे. १९४६ त मिशेलिननें ज्याचें पेटंट घेतलें त्या रेडियल टायरानें कूस मऊ व तळ ताठ ठेवण्याची युक्ति साधली. भारतांत तो १९७७ त तयार होऊं लागला. १९९० नंतर काजळीच्या जागीं वाळूपासून केलेला सिलिका वापरूं लागले, त्यानें ओल्या रस्त्यावरील पकड वाढूनहि इंधन वांचलें. अशा रीतीनें टोकें जवळ आलीं, पण एक झालीं नाहींत.

आतां मुंबईच्या रस्त्याची मागणी पाहूं. येथें वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. पहिल्या सरींत आठ महिन्यांची धूळ व सांडलेलें तेल यांचा चिखल रस्त्यावर तरंगतो. तो पाण्याहूनहि निसरडा. पुढें हिंदमातापाशीं पाणी सांचतें, लोखंडी झांकणें व पेव्हरच्या विटा बुळबुळीत होतात. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ताशीं पन्नास किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारें बारा मीटरांत थांबते. तोच गुणांक ०.४ झाला कीं पंचवीस मीटर लागतात. मधलें तेरा मीटरांचें अंतर म्हणजे लालबागच्या नाक्यावर रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची एक संपूर्ण रांग होय. थंड, ओल्या रस्त्यावर शर्यतीचा टायर ह्या दुसऱ्या आंकड्याकडे सरकतो. तो तापावयास रस्त्यांत जागा नाहीं आणि वेळहि नाहीं.

वेगाचे रस्तेहि आतां बेटावर झाले आहेत: २००९ चा सागरी सेतु, शिवडीवरून जाणारा २०१३ चा पूर्व मुक्त मार्ग, २०२४ चा किनारी रस्ता. तेथें दुसरें संकट असतें. पाणी खांचांत मावेनासें झालें कीं चाक पाण्यावर तरंगूं लागतें व सुकाणूं निरुपयोगी होतें. १९६३ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंत विमानांच्या चाकांवर प्रयोग करून ह्याचें एक सोपें सूत्र बसविलें गेलें: हवेच्या पौंडांतील दाबाचें वर्गमूळ घ्यावें व त्यास नवानें गुणावें, म्हणजे नॉट मापांत तो धोक्याचा वेग निघतो. बत्तीस पौंडांस हा वेग ताशीं सुमारें ९४ किलोमीटर येतो, पंचवीस पौंडांस ८३. मोटारीच्या रुंद, झिजलेल्या टायरास याहूनहि कमी वेगांत धोका संभवतो. आतां पाहा: शर्यतीच्या मार्गावर टायर तापून दाब वाढतो, म्हणून हौशी लोक आरंभीं हवा मुद्दाम कमी ठेवतात. परततांना ती पुन्हां भरण्याचा आळस झाला, तर तीच मोटार घरच्या पावसांत अधिक लवकर तरंगेल. यंत्राचा दोष नाहीं, कारखान्याचा नाहीं. दोन रस्त्यांच्या सवयी एकमेकींत मिसळल्याचा तो परिणाम.

मग उपाय काय? परदेशीं सरळ उत्तर देतात: चाकांचे दोन संच ठेवावे, एक रोजचा व एक शर्यतीचा. उत्तर निर्दोष आहे. फक्त गिरगांवांतील वाडींत तें बसत नाहीं. ज्या वस्तींत मोटार उभी करण्यास जागा मिळणें हीच पुण्याई, तेथें आणखी चार चाकें ठेवावयाचीं कोठें? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पलंगाखालीं आधींच गहूं-तांदुळाचे डबे असतात. शिवाय बाजारहि आपल्या हातांत नाहीं. २००९ च्या सरकारी हुकुमानें मोटारींच्या टायरांस भारतीय मानकाची खूण आवश्यक झाली, आणि जून २०२० मध्यें नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचें बंधन आलें. परदेशीं ज्या टायरांची वाखाणणी होते त्यांपैकीं पुष्कळ येथील दुकानांत पोंचतच नाहींत. म्हणून मुंबईकरास बहुधा एकाच धांवेवर दोन्हीं रस्ते चालावे लागतात, आणि निवड एकदांच करावयाची असते.

आमचें मत असें कीं ही निवड वर्षांतील सर्वांत सुंदर दिवसासाठीं करूं नये, सर्वांत वाईट संध्याकाळसाठीं करावी. कोइमतुरच्या कोरड्या वळणावर दोन सेकंद उशीर झाला तर मित्रमंडळींत थोडी थट्टा होईल, एवढेंच. जुलैच्या संध्याकाळीं परळांत एक सेकंद उशीर झाला तर त्याची भरपाई कोणासहि करतां येत नाहीं. तेव्हां ओल्या रस्त्यावरील पकडीसाठीं नांवाजलेला, खोल खांचांचा, मोटारीच्या कारखानदारानें सांगितलेल्या भाराचा व वेगाचा रस्त्याचाच टायर घ्यावा. त्यावर शर्यतीच्या मार्गावर जावें, थोडक्या फेऱ्या माराव्या, टायर थंड होऊं द्यावे आणि पुन्हां निघावें. कुशीवरील चार आंकडे वाचावे. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तो तयार झाला. जुनें रबर नक्षी शाबूत असूनहि कडक होतें. कायदा १.६ मिलिमीटर खांचेपर्यंत मोटारीचा टायर चालूं देतो. पण कायदा दिल्लींत लिहिला गेला आहे आणि पाऊस हिंदमातास पडतो, हें ध्यानीं धरून पावसाळ्यापूर्वीं त्याहून बरीच अधिक खांच शिल्लक ठेवावी. आणि शर्यतीहून परत निघतांना पहिल्या पंपावर हवा भरून घ्यावी.

ज्यांचें मन एवढ्यानें भरत नाहीं, ज्यांस त्या कोरड्या वळणावरील दोन सेकंदच हवे आहेत, त्यांनीं चार चाकांसाठीं भाड्याची जागा पाहावी. शर्यतीचा आनंद खोटा नाहीं. ह्यूमच्या सायकलीपासून मिशेलिन बंधूंच्या फुटक्या चाकांपर्यंत त्याच आनंदानें टायर सुधारत आला, व त्याचें ऋण दादरच्या बसमध्यें बसलेल्या प्रत्येक उतारूवर आहे. परंतु त्या आनंदाची किंमत त्यानेंच द्यावी, रस्ता ओलांडणाऱ्यानें नव्हे.

आपल्या भाषेंत 'धांव' ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. संकटांत सांपडलेला मनुष्य 'देवा, धांव' म्हणून हांक मारतो. तेथें धांवणें म्हणजे वेळेवर पोंचून सांवरणें. ब्रेकवर पाय पडतो त्या क्षणीं मोटार हांकणाराहि नकळत हीच हांक मारीत असतो, आणि ती ऐकावयास त्या वेळीं तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवांचून दुसरें कोणी नसतें. टायर निवडतांना एवढें आठवलें तरी पुरे.